शेवटची ओळ उलटी वाचा

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या गावातला सगळ्यात हुशार माणूस मी होतो! हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. घरटी एक माणूस सैन्यात गेलाच पाहिजे असा हुकूम निघाला त्या दिवशी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून निवांत काचा पुसत होतो. आमच्या घरातून एक माणूस सैन्यात जाईल आणि दर रविवारी दुपारी घरी जेवायला येईल, अशी सोय मी तोवर मनातल्या मनात करून ठेवली होती.

हुकूम असा होता : वय अठरा ते पन्नास, बाई असो की बुवा, कोणाला पाठवायचं ते घराने ठरवायचं. घरी एक फॉर्म आला. त्यावर जाणाऱ्याचं नाव, घरातल्या सगळ्यांची वयं आणि खाली चार चौकोन : पायदळ, आरमार, हवाईदल, भांडार. चौकोनांत पसंतीचे आकडे घालायचे. एखाद्या हॉटेलात काय आणू म्हणून विचारावं तसं!

आमच्या घरात माणसं तीन. मी, बायको आणि लेक. फॉर्म पाहिल्या पाहिल्या बायको उठली, कपाटातून आपला जन्मदाखला काढला आणि म्हणाली, "मी जाते!"

दाखला मी वाचला. पुन्हा वाचला. वय वर्षं एकावन्न! म्हणजे ती एका वर्षाने बाद झाली, आणि मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळलं की बायको माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

"हे तू मला कधीच बोलली नाहीस!" मी म्हणालो.

"तुम्ही कधी युद्ध आणलं नाहीत," ती म्हणाली.

उरलो मी, वय एकोणपन्नास, आणि लेक, वय एकवीस. आता कोणीही म्हणेल की बापाने जावं. मीही तेच म्हटलं असतं, पण माझे गुडघे! दुकानातून घरी येताना जिन्याच्या चौदा पायऱ्या चढतानाही मी मध्ये एकदा थांबतो. आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे योजना होती.

योजना सरळ होती. भरतीत डोळे तपासून तीन श्रेण्या द्यायच्या होत्या. ज्याचे डोळे उत्तम तो 'अ', म्हणजे थेट आघाडीवर. मध्यम असेल तो 'ब', गाड्या आणि तोफांवर. आणि चष्म्याचा नंबर मोठा असेल तो 'क'. 'क'वाल्याने गावाबाहेरच्या भांडारात बसून सदरे आणि बूट मोजायचे आणि रविवारी सुट्टी घ्यायची. आणि आमच्या लेकीचा नंबर होता मायनस चार! चष्मा काढला की समोरचा माणूस काका आहे की कोट टांगायची खुंटी, हे तिला हात लावून पाहावं लागतं. अशा पोरीला 'क' मिळणार हे उघडच होतं.

"फॉर्मवर तुझं नाव घालतो," मी जेवताना तिला सांगितलं. "काळजी नको. सगळं ठरलेलं आहे."

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"आता विचारतोय ना! बोल, कुठली शाखा?"

"हवाईदल."

"अगं, स्टुलावर चढून बल्ब बदलताना तुला गरगरतं!" बायको म्हणाली.

"मग आरमार."

"पोहता कुठे येतं तुला?"

"आरमारात जहाज असतं, आई. पोहत नाही जात कोणी."

"जहाज बुडतं! पायदळही नको. नवे बूट घातले की हिच्या टाचांना फोड येतात."

"शत्रूला कळवू का तसं?" लेक म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं, हे तेव्हा कोणाला माहीत होतं! मी ऐटीत पेन काढलं आणि भांडारापुढे मोठ्ठा एक काढला. लेकीने सही केली. "सदरे तर सदरे," म्हणाली. "निदान बाबांचे गुडघे वाचतील."

आता माझ्या हुशारीचा पुढचा भाग ऐका. भरतीसाठी जे साहेब आले त्यांना उजवा हात नव्हता. तो आघाडीवर राहिला होता. डोळे तपासताना एका हाताने उमेदवाराचा डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने तक्त्यावरचं अक्षर दाखवायचं, हे त्यांना जमेना. शिवाय सरकारने तक्ताच पाठवला नव्हता! तेव्हा साहेब माझ्या दुकानात आले.

"चष्मेवाले, तुमचा तक्ता द्या. आणि तुमचा एक हात द्या," ते म्हणाले.

मी दोन्ही दिले. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात, प्लास्टरच्या सफरचंदांच्या फळीखाली, माझ्या दुकानातला जुना तक्ता टांगला गेला आणि मी गावचा डोळेतपासनीस झालो. नंबर मी काढायचा, श्रेणी मी लिहायची, शिक्का साहेबांनी मारायचा. फक्त माझ्या स्वतःच्या माणसाची तपासणी साहेब जातीने करणार होते. करेनात का! मायनस चार म्हणजे मायनस चार.

पहिल्याच दिवशी साहेबांवर छाप पाडायला मी त्यांना धंद्यातली एक खुबी शिकवली.

"साहेब, लोक फार बिलंदर असतात. एका डोळ्याने तक्ता वाचतात आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पाठ म्हणून दाखवतात. म्हणून दुसऱ्या डोळ्याला म्हणायचं, शेवटची ओळ उलटी वाचा! मग बघा कशी बोबडी वळते!"

साहेब खूश झाले. त्यांनी ती खुबी वहीत टिपून घेतली. डाव्या हाताने, सावकाश.

तो तक्ता म्हणजे आमच्या घरातलं चौथं माणूस होता. लेक लहान असताना बायको दुपारी तिला दुकानात आणून बसवायची. पोरगी काउंटरवर पाय हलवत बसायची आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्यासमोर तोच तक्ता वाचायचं. सुलटा वाचायचं, मग उलटा वाचायचं. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी तिला विचारलं, "मुळाक्षरं येतात का?" हिने छाती पुढे काढून खणखणीत सुरुवात केली, "प! र, ट! ग, म, ल!" बाईंनी मला बोलावून घेतलं. पोरीला काही झालंय का, असं त्यांना वाटलं.

ही गंमत मी साहेबांनाही सांगणार होतो. नाही सांगितली. सांगितली असती तर!

पहिला आठवडा मी एकदम चोख काम केलं. इस्त्रीवालीचा मुलगा आला. उंच, लाजरा, माझ्या लेकीच्या वर्गातला. तक्त्याची शेवटची ओळ त्याने भिंतीला पाठ टेकून वाचली आणि शिवाय खाली छापखान्याचं जे बारीक नाव होतं तेही वाचून दाखवलं. "वा! काय डोळे आहेत!" मी म्हणालो आणि झोकात 'अ' लिहिला. तोही खूश झाला. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा हसला.

अठराव्या दिवशी तो गेल्याचं कळलं. इस्त्रीवालीने त्या दिवशीही दुकान उघडलं होतं. माझे सदरे तिने घडी घालून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "डोळे चांगले होते म्हणालात ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

"तसेच होते," ती म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला.

त्या सदऱ्यांतला एकही मला पुढे अंगात घालवेना.

त्याच संध्याकाळी माझ्या शेजारचा सलूनवाला दुकानात आला. वीस वर्षांचा आमचा शेजार. मला तो 'चष्म्या' म्हणतो. खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"चष्म्या, उद्या माझी तपासणी आहे."

"बरं मग?"

"मला काही दिसत नाही रे!"

"गाढवा, परवा तू रस्त्यापलीकडून माझ्या मिशीतला पांढरा केस दाखवलास!"

"ते परवा. आज काही दिसत नाही." तो पुन्हा उठला. "घरात मी आणि ती. तिला दम्याने चार पावलं चालवत नाही. मी गेलो तर तिला पाणी कोण देईल?"

डोळ्यांसमोरून ते सदरे हलेनात. दुसऱ्या दिवशी मी त्याला मायनस नऊ दिला. 'क'! साहेबांनी शिक्का मारला. आणि मायनस नऊचा माणूस उघड्या डोळ्यांनी फिरतो हे बरं दिसत नाही, म्हणून जुन्या मालातून दोन जाडजूड भिंगं काढून त्याला एक चष्माही बनवून दिला.

"हा कायम घालायचा! साहेबांची नजर सगळीकडे असते," मी बजावलं.

इथवर ठीक होतं. पण सलूनवाल्याच्या पोटात काही राहतं का? कात्री चालते तोवर त्याचं तोंड चालतं. चार दिवसांत गावभर झालं की चष्मेवाल्याकडे गेलं की डोळे जातात! मग काय विचारता! पहाटेपासून दुकानापुढे रांग! काल सुईत दोरा ओवणारे आज माझा उंबरठा चाचपडत आत येऊ लागले. बसड्रायव्हर आला, सुतार आला, शाळेचे नेमबाजीचे मास्तर आले! मास्तरांना मी म्हणालो, "मास्तर, तुमचं कपाट ढालींनी भरलंय!" तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "कुठे आहे कपाट?"

नाही म्हणणं जमायला हवं होतं. पण प्रत्येक जण तोंड उघडायचा आणि मला इस्त्रीचा तो वास यायचा. नऊ दिवसांत आमच्या एका रस्त्यावर मी सोळा आंधळे केले. जुना माल संपला. शेवटच्या दोघांना तर मी माझ्या सासऱ्यांचे चष्मे दिले!

आणि गाव सगळं धडपडायला लागलं. चांगल्या डोळ्यांवर असली भिंगं चढवली की जमीन वर येते आणि जिना खाली जातो. सुताराने आपला अंगठा ठोकला. नेमबाजीच्या मास्तरांनी फळ्यालाच नमस्कार घातला. बसड्रायव्हरने सकाळची पहिली गाडी थेट पिठाच्या गिरणीत नेऊन उभी केली आणि आतली सगळी माणसं पांढरीफटक होऊन उतरली. लोक मला रस्त्यात थांबवून आभार मानत. म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाचे मानत, पण रोख माझ्याकडे असे.

लेक हे सगळं बघत होती. एक दिवस म्हणाली, "बाबा, माझ्या वर्गातल्याला 'अ' दिलात तुम्ही."

"तेव्हा मला कळलं नव्हतं गं."

"आणि आता कळलंय?"

"सोळा घरं वाचवली मी!" मी जरा चिडूनच म्हणालो. ती चष्मा काढून पदराने काच पुसत राहिली, आणि तसं करताना तिच्या अंदाजाने माझ्याकडे, पण खरं तर घड्याळाकडे बघत राहिली.

आणि मग सोमवार उजाडला.

एका हाताने दाढी करता येत नाही, म्हणून साहेब रोज सकाळी सलूनमध्ये येत. हे मला ठाऊक होतं! सलूनवाल्यालाही ठाऊक होतं! पण कायम चष्मा घालायचा म्हणजे दाढी करतानाही घालायचा का, हे त्याने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साहेब खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. सलूनवाल्याने भिंगांतून पाहिलं. त्याला म्हणे तीन साहेब दिसले. त्याने मधला निवडला.

माझ्या दुकानात मला आधी किंकाळी ऐकू आली. धावत गेलो तर साहेबांच्या कानाची पाळी अर्धी लोंबत होती आणि पांढऱ्या फडक्यावर रक्ताचा पाट!

"साहेब! चुकलं, साहेब!" सलूनवाल्याने घाबरून चष्मा भिरकावला. आणि मग तो त्याच्या असली रूपात आला. एका झेपेत कपाटातून बाटली काढली, कापूस बरोब्बर जखमेवर दाबला, पट्टी कातरली, केसाइतक्या बारीक गाठीने बांधली, आणि जमिनीवर उडालेला एक इवलासा कापसाचा कण चार हातांवरून हेरून उचलला.

साहेब आरशात हे सगळं पाहत होते. ते खाली वाकले, तो चष्मा उचलला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, काढला. मग माझ्याकडे वळले.

"चष्मेवाले," ते अगदी शांतपणे म्हणाले, "या रस्त्यावर असे किती?"

मी सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. नेमकं त्याच वेळी बाहेरून नेमबाजीचे मास्तर गेले आणि त्यांनी सलूनच्या बाहेरच्या बाकाला "सरका जरा" म्हटलं.

मला वाटलं आता तुरुंग. साहेब म्हणाले, "तुम्हाला आत टाकलं असतं. पण माझा दुसरा हात तुम्हीच आहात."

दुपारी शाळेच्या दारावर कागद लागला. या रस्त्यावरचे सगळे 'क' रद्द. सगळ्यांची तपासणी पुन्हा, साहेब स्वतः करणार. 'क' श्रेणीच बंद! यापुढे ज्याला दिसत नाही तो सरळ अपात्र, आणि अपात्र माणसाच्या घरातला दुसरा माणूस त्याच्या जागी त्याच दिवशी हजर. दुसरा माणूस नियमात बसत नसेल तर चौकशी.

तो कागद मी तीन वेळा वाचला. डोळे माझे उत्तम आहेत.

दुसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा जणांना झरझर दिसायला लागलं. साहेब तक्ता दाखवत, मी पुठ्ठ्याने डोळा झाकी, आणि माझ्या तोंडाकडे न बघता ते एकेक ओळ वाचत. 'अ'. 'अ'. 'अ'. सलूनवाला वाचून झाल्यावर उठला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "चष्म्या, तू इतकं केलं नसतंस तर मला 'ब' तरी मिळाला असता रे." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

सगळ्यांत शेवटी लेक आली. नाकावर चष्मा, हातात फॉर्म, भांडारापुढे मी काढलेला मोठ्ठा एक.

साहेबांनी तिचा चष्मा पाहिला आणि हसले. कानाला पट्टी असताना माणूस हसला की भीती वाटते. "अरे वा! चष्मेवाल्याच्या घरातही आंधळं आहेच का! काढा तो!"

"साहेब, हा चष्मा खरा आहे!" मी म्हणालो.

"सोळा जण हेच म्हणाले. तुम्ही डोळा झाका."

लेकीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठेवताना टेबल कुठे संपतं ते बोटांनी चाचपून पाहिलं, पण ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. मी तिचा उजवा डोळा झाकला. अंधुक दिसणारा माणूस तक्त्याकडे बघताना डोळे बारीक करतो, हे मी तीस वर्षं पाहतोय. तिने डोळा बारीक केला नाही. टक्क उघडा ठेवला. ती बघतच नव्हती.

"प!" तिने सुरुवात केली. "र, ट! ग, म, ल!"

शाळेच्या पहिल्या दिवशीचाच आवाज! ती थेट खालपर्यंत गेली. "ठ, न, भ, र, व, ग!"

"बघा!" साहेब म्हणाले. "चष्मा काढल्यावर आणखी छान दिसतं!"

"साहेब, तिला काही दिसत नाहीये!" मी ओरडलो. "तक्ता पाठ आहे तिला! लहानपणापासून पाठ आहे!"

"असं?" साहेबांनी वही उघडली. "मग तुमचीच खुबी. पोरी, शेवटची ओळ उलटी वाच."

"ग, व, र, भ, न, ठ," लेक म्हणाली. श्वासही घेतला नाही.

"तेही पाठ आहे!" मी म्हणालो, आणि मागे बसलेले कारकून हसले. "साहेब, बोटं दाखवा! बोटं दाखवा तिला!"

साहेबांनी हात वर केला.

"दोन," लेक म्हणाली.

दोनच होती! नंतर घरी मी तिला विचारलं, कसं ओळखलंस? तर म्हणाली, "सगळे दोनच दाखवतात, बाबा. तुम्हीच सांगितलं होतंत."

साहेबांनी हात खाली घेतला. वही मिटली. आणि हसणं थांबवून म्हणाले, "चष्मेवाले, समजा तुमचं खरं धरलं. पोरगी अपात्र. मग घरातला दुसरा माणूस कोण?" त्यांनी फॉर्म पाहिला. "एकोणपन्नास. तुम्ही. आता एकदा विचार करून सांगा. हिला दिसतं की नाही?"

आता मी जे सांगणार आहे ते मी कोणाला सांगत नाही.

मी म्हणालो. "नाही दिसत," असंच म्हणालो, देवाशपथ! पण ते इतकं हळू म्हणालो की साहेब म्हणाले, "काय?" आणि दुसऱ्यांदा तेच म्हणायला माझी जीभ टाळ्याला चिकटली. फार वेळ नाही. तक्त्याची एक ओळ वाचायला लागतो तेवढाच वेळ.

तेवढ्यात लेक म्हणाली, "दिसतं, साहेब."

शिक्का पडला. 'अ'. साहेबांनी भांडारापुढचा माझा मोठ्ठा एक खोडला आणि पुढे स्वतःच्या डाव्या हाताने, सावकाश लिहिलं : पायदळ, टेहळणी. "इतके चांगले डोळे वाया घालवायचे नाहीत," म्हणाले. टेहळणी म्हणजे काय ते मी कारकुनाला विचारलं. सगळ्यांच्या पुढे, उंचावर एकट्याने बसायचं आणि लांबचं बघायचं!

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. सदानकदा बोलणारी बाई. तिने एकच विचारलं, "दुसऱ्यांदा का नाही बोललात?" मग ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी मीठ-पाण्यापुरतंच बोलते.

सकाळी मी शाळेत गेलो. खरंच गेलो! "साहेब, तिच्याऐवजी मला घ्या," एका दमात म्हणून टाकलं.

"शिक्का पडलाय, आता ऐवजी वगैरे नाही," साहेब म्हणाले. "पण शिवाय चालेल! तुम्हीही या की. घरटी दोन आम्हाला चालतात." आणि त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. वर पेनही दिलं. तेच चार चौकोन. मी त्यांच्याकडे बघत बसलो.

"घरी विचारून येतो," मी म्हणालो.

अजून विचारतोय.

गाडी गुरुवारी दुपारी चौकातून सुटायची होती. आदल्या दिवशी मी लेकीसाठी न तुटणाऱ्या काचांचा, घट्ट दांडीचा एक चष्मा बनवला. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम! तो मी तिच्या पिशवीत मोज्यांच्या आत दडवला. सकाळी पाहिलं तर काउंटरवर!

"सामानात सापडला तर मला परत पाठवतील," ती म्हणाली. "आणि तुम्हाला बोलावतील. तुमचे गुडघे, बाबा."

"अगं पण तिथे तुला दिसणार काय?"

"जे दिसेल ते सांगेन त्यांना." मग माझा चेहरा पाहून, म्हणजे चेहरा जिथे असतो तिथे पाहून, म्हणाली, "तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहा. तो लाल स्वेटर घाला. लाल मला लांबून कळतं. मी हात करीन."

मी लाल स्वेटर घातला. ऊन कडक होतं, तरी घातला. चौकात सगळा रस्ता लोटला होता. सोळा घरं होती. इस्त्रीवालीही होती. लेकीच्या गणवेशाची इस्त्री तिनेच केली होती. बायको गाडीच्या फळीला धरून उभी होती. गाडीत लेक आणि शेजारी सलूनवाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिला म्हणाला ते मला ऐकू आलं. "बस गं माझ्याजवळ. मला दिसतं. मी सांगतो तुला काय काय येतंय ते."

माझ्या पायरीपुढे लोकांची तीन-चार रांगांची भिंत झाली होती. मी दोन्ही हात वर करून उड्या मारत होतो. कोणी बाजूला सरकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सरकलो नसतो.

गाडी हलली. बायको थोडं अंतर गाडीबरोबर चालली, मग थांबली. लेक उभी राहिली आणि हात हलवायला लागली. काय हसत होती! लहानपणी काउंटरवरून हात करायची ना, तस्सा दोन्ही हातांनी, अख्खं अंग हलवून. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या दुकानापासून बरंच डावीकडे, कोपऱ्यावर, लोकांपासून जरा बाजूला एक लाल पोस्टाची पेटी आहे. ती त्या पेटीला हात करत होती.

"बाबा!" ती ओरडली. "येते मी!"

गाडी वळणापाशी पोचत आली होती. मी पायरीवरून उडी मारली, लोकांच्या पाठीमागून सुसाट पळत कोपऱ्यावर गेलो आणि त्या पेटीला चिकटून उभा राहून हात हलवायला लागलो.

आणि सांगायला लाज वाटते, पण गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत!